महिनाभर आधीची तृतीया

ऋताला कुणी भोळी म्हटलेलं खपत नसे. पण चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहून सासऱ्यांची अब्रू वाचवायला निघालेल्या बाईला दुसरं काय म्हणायचं, सांगा!

तिचे सासरे भय्यासाहेब, राम घाटावरचे उपाध्ये. उज्जैनमधल्या दीडशे मराठी घरांच्या श्राद्धतिथी त्यांना तोंडपाठ. वही नाही न् डायरी नाही. आपले पणजोबा कधी गेले हे पणतवाला ठाऊक नसे, भय्यासाहेबांना असे. तीन दिवस आधी फोन जायचा, "येत्या पंचमीला या हं." असं पन्नास वर्षं चाललं आणि गेल्या श्रावणात ते पहिल्यांदा चुकले. एक कुटुंब घाटावर दोन तास ताटकळत बसलं आणि हे घरी निवांत मेथी निवडत होते. तेव्हापासून यशोधनचं, म्हणजे ऋताच्या नवऱ्याचं, एकच पालुपद: "बाबा, पुन्हा एकदा असं झालं तर घाट बंद. बिलकुल बंद."

यशोधन वाईट नव्हता हो, बापाचं हसं झालेलं त्याला बघवत नव्हतं. पण घाट सुटला तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे त्याच्या डोक्यात येईना. श्रावणापासून भय्यासाहेब चहात साखर घातली का हेसुद्धा दोनदा विचारायला लागले होते. विसरत होते म्हणून नव्हे, धास्तीनं.

ऋता माधव नगरातल्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं सासऱ्यांना समोर बसवलं. ते एकेक घर सांगत गेले आणि ती टाइप करत गेली: कुणाचं श्राद्ध, कोणता महिना, कोणती तिथी. नेटवरून पंचांगाची यादी उतरवून तिनं प्रोग्रामला जोडली. तिथीची तारीख निघाली आणि सगळ्या तारखा रांगेत लागल्या. पुढचं काम सोपं. प्रोग्रामनं दर तासाला जागं व्हायचं, रांगेतलं पहिलं नाव बघायचं, तीन दिवसांवर आलं असेल तर त्या घरी संदेश पाठवायचा, नाहीतर पुन्हा झोपायचं.

"चांगली नोकरी आहे की," भय्यासाहेब म्हणाले. किती दिवसांनी थट्टा केली त्यांनी!

पहिल्या पंधरवड्यात तीन संदेश गेले, तिन्ही बरोबर. ऋता खूश. मग उजाडली ती तृतीया.

"बाबा, आज विनोदिनीबाईंच्या सासऱ्यांचं," तिनं सकाळी आठवण करून दिली. "मार्गशीर्ष वद्य तृतीया. साडेदहाला येताहेत त्या घाटावर."

भय्यासाहेब थबकले. "मार्गशीर्ष? अगं, लागला कुठे अजून?"

ऋतानं फोन पुढे केला. त्यांनी तो नीट पाहिलासुद्धा नाही. हात फडताळातल्या पंचांगाकडे गेला आणि तसाच मागे आला. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणार. "असेल बाई," ते म्हणाले, "माझंच चुकत असेल." आणि धोतर नेसायला गेले.

घाटावर विनोदिनीबाई काळे तीळ, दूध, तांदळाचं पीठ सगळं मांडून तयार होत्या. यशोधन गाडी लावून पायऱ्यांवर ऋताच्या शेजारी उभा होता. भय्यासाहेबांनी संकल्प सुरू केला. संकल्पात आजचा महिना, पक्ष, तिथी सगळं उच्चारावं लागतं. "अवन्तिकाक्षेत्रे, शिप्रातटे... कार्तिकमासे, कृष्णपक्षे..." आणि गाडी अडली. मार्गशीर्ष म्हणायचं होतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तोंडून कार्तिकच आला. तिसऱ्यांदा ते महिन्यापाशीच थांबले. पळीतलं पाणी त्यांनी तसंच पुन्हा भांड्यात ओतलं.

"झालं," यशोधन वरून पुटपुटला. "मी म्हणत नव्हतो?"

विनोदिनीबाईंनी मान खाली घातली. ऋताला वाटलं, धरणी दुभंगावी. आणि तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून एका हिंदी पंडितजींचा खणखणीत आवाज आला: "मार्गशीर्षमासे, कृष्णपक्षे, तृतीयायां तिथौ..."

एकच घाट, एकच सकाळ, तिथी एक आणि महिने दोन! ऋताच्या डोक्यात लख्ख पडलं. इथल्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे वद्यातले पंधरा दिवस त्यांचा महिना नावानं एक पुढे असतो. शुद्ध पंधरवड्यात दोघांचं जमतं, म्हणून पहिले तीन संदेश बरोबर गेले. तिथ्या सासऱ्यांच्या आणि पंचांग हिंदी! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. अगं बयो, लग्नाला बारा वर्षं झाली, एवढंही सुचू नये?

ती दोन पायऱ्या उतरून खाली आली आणि यशोधनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, थांबा. चूक माझी आहे. मी हिंदी पंचांग घातलं. आज कार्तिकच आहे. विनोदिनीकाकू, मला माफ करा, तुमची तिथी पुढच्या महिन्यात आहे."

भय्यासाहेबांनी वर पाहिलं. "म्हणजे मी बरोबर होतो?" त्यांनी लहान मुलासारखं विचारलं.

"सकाळपासून बरोबर होतात," ऋता म्हणाली आणि तिला रडूच आलं.

विनोदिनीबाई भल्या बाई. "तिथी मागेपुढे होतेच दरवर्षी, मला तरी कुठे कळलं? शिप्रास्नान तर पदरात पडलं," म्हणत त्यांनी पुडे आवरले. यशोधननं खाली येऊन वडिलांच्या हातातली पळी घेतली, धुतली आणि त्यांना हात देऊन उठवलं.

दुपारी ऋतानं मराठी पंचांग घातलं, आणि एक बदल केला. आता संदेश आधी भय्यासाहेबांच्या फोनवर येणार. त्यांनी 'हो' दाबल्याशिवाय पुढे कुणाला जाणार नाही.

भय्यासाहेब शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "यात माझं एक घाल. ज्या दिवशी मी खरंच चुकायला लागेन, त्या दिवशी मला सांगायचं. घाट बंद करा म्हणून. यशोधननं नाही, तू सांगायचं. तुझ्याकडून ऐकेन मी."

ऋतानं मान डोलावली. तिनं त्यांचं नाव लिहिलं, काम लिहिलं. तारखेची जागा तिनं मोकळी सोडली, आणि तारखेशिवाय प्रोग्राम नोंद घेईना.

तिनं ती ओळ पुसून टाकली. "घातलं बाबा," ती म्हणाली, "माझ्याकडे आहे."