टांगायचं तर उलटं टांगा

मी फ्लेक्स बोलतोय. मंगळवार पेठेतल्या चौकात पाच दिवस तुमच्याकडं बघून हसत होतो, तोच मी. खरं तर हसत होते ते माझ्यावरचे चौदा शुभेच्छुक. मला स्वतःला जन्मापासून धक्केच बसत आलेत.

पहिला धक्का छपाईच्या दुकानातच बसला. यंत्रातून बाहेर पडता पडता मी माझ्याच छातीवरचा मजकूर वाचला : 'लांब उडीत राज्यात प्रथम! कोल्हापूरची कन्या कु. श्रुती हिचे हार्दिक अभिनंदन!!' ऊर भरून आला. तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, "जोतीरामभाऊ, स्पर्धा कधी झाली?"

"रविवारी हाय की."

तो बुधवार होता.

"आणि न्हाय आली पयली तर?"

"येतीय की! पोरीला जोर नको व्हय यायला? आणि रविवारी तुझं दुकान बंद असतंय."

जोतीरामभाऊ हे भावी नगरसेवक. गेली अकरा वर्षं भावीच आहेत. माझ्यावर त्यांचा फोटो श्रुतीच्या चौपट होता. उडी त्यांनीच मारली असावी, असं कुणालाही वाटलं असतं.

मला चौकात टांगलं आणि संध्याकाळी श्रुती वडिलांबरोबर, म्हणजे बाबासोंबरोबर, आली. सतरा वर्षांची, सडपातळ पोर. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. नाहीतर बारावीनंतर उडी बंद, असं घरात ठरलेलं. तिनं मला शेवटपर्यंत वाचलं. ती लाजेल अशी माझी अपेक्षा होती. ती पांढरी पडली.

"बाबा, आता न्हाय आले तर?"

"आता यायलाच पायजे बाई," बाबासो म्हणाले. "पेठंनं वाचलंय."

दुसऱ्या दिवसापासून लोक तिला अडवून पेढे मागायला लागले. शुक्रवारपासून ती चौकातून यायची बंद झाली.

रविवारी तिच्या तिन्ही उड्या बाद झाल्या. सोमवारी माझ्याखालच्या चहाच्या गाड्यावर बाबासो सांगत होते, "तिन्ही वेळा पाय फळीच्या फुडं. सरावात असं कधी झालं न्हवतं. म्हणती, पळाय लागलं की डोळ्याफुडं ते अभिनंदनच येतंय."

मी हादरलो. कौतुकानं पायात बळ येतं, अशी माझी जन्मजात समजूत होती. बाकी कुणी हादरलं नाही. जोतीरामभाऊ तर म्हणाले, "खाली घ्या त्यो. माझा फोटो तेवढा कापून ठेवा, दसऱ्याला चालंल."

कापला. उरलेला मी श्रुतीच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षिका वर्षाराणीबाईंनी उचलून नेला, उडीच्या खड्ड्यातली वाळू झाकायला. मांजरं तिथं घाण करतात. भाऊंच्या आकाराच्या भोकातून अजूनही करतात.

आठवड्यानं श्रुती मैदानावर आली. मला बघून तिथंच थांबली. "बाई, हे उलटं घाला. मला वाचायचं न्हाय."

बाईंनी मला पालथा घातला. आता त्या भाषण करणार, म्हणून मी कान टवकारले. त्यांनी नुसतं विचारलं, "तुझी आजची उडी किती?"

"चार पंचाण्णव."

बाईंनी माझ्या कोऱ्या पाठीवर मार्कर पेनानं ४.९५ लिहिलं. "उद्या चार शहाण्णव. राज्याचं मला सांगू नकोस."

एक सेंटिमीटर! उद्गारचिन्हांवर वाढलेल्या मला हा अपमान वाटला. पण पोर रोज यायला लागली. माझ्या पाठीवर आकडे खाली खाली उतरत गेले. काही दिवस उडी कमी पडायची, तीही बाई लिहायच्या. भाऊंनी गाळली असती.

तीन महिन्यांनी वसतिगृहाच्या उरलेल्या जागांसाठी निवड चाचणी लागली. पाच मीटर वीसच्या पुढं उडी हवी होती. बातमी लागताच जोतीरामभाऊ मैदानावर हजर. "श्रुती, ह्या वेळी दोन लावू. एक चौकात, एक स्टँडवर!"

"फ्लेक्स नको, काका. टेप धरायला माणूस कमी हाय, ती धरा."

कडक इस्त्रीतले भाऊ वाळूत उकिडवे बसले. श्रुती धावली. भाऊंनी टेप वाचली, परत वाचली.

"पाच बावीस? बाई, टेप बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

"मग हे कुणाकुणाला सांगायचं?"

"कुणालाच न्हाय," श्रुती म्हणाली.

भाऊंनी टेप हळूच गुंडाळली. सार्वजनिक जीवनात असला धक्का त्यांना प्रथमच बसला असावा. पण तिचा शब्द पाळला त्यांनी. चाचणीला श्रुती गेली तेव्हा चौक मोकळा होता.

परतल्यावर तिनं स्वतः पेन घेतलं आणि माझ्या पाठीवर शेवटचा आकडा लिहिला : ५.२४. पुढं उद्गारचिन्ह नाही. परवा ती वसतिगृहात राहायला गेली.

आता माझ्या कडा उसवल्यात, पोटावरचं अभिनंदन वाळूनं घासून गेलंय. काल भाऊ आले होते. म्हणाले, "आता ह्यो चौकात लावला तर चालंल की!"

लावा. पण एक विनंती आहे. टांगायचं तर उलटं टांगा.