मावळतीला न जाणारी नदी

खजुरीच्या आळ्यांतला गाळ उपसता उपसता बदरुद्दीनने ती बातमी अशी सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटावे, मुलखातून कुणाच्या मयताचा निरोप आला आहे. हव्वाबी, त्याची बायको, येणार होती. अरबाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, आईला बदरुद्दीनच्या हातचा भात आवडे. त्या भाताच्या पुण्याईने व्हिसा निघाला होता.

मुश्ताकने फावडे टेकवले. "मंग तोंड कशाला पाडलंय, बदरुभाय? बायको येते हाय, पोलीस न्हाय."

"ती नदी बघाया येते हाय," बदरुद्दीन म्हणाला.

मग मात्र आम्हा तिघांचीही फावडी थांबली.

अमिरातीत मसाफीहून फुजैराकडे जाताना दोन्ही बाजूंनी उघडे, भाजलेले डोंगर चालू लागतात. त्यांच्या मधल्या खोलगट पट्टीत आमचा मळा होता, आणि मळ्याला लागून वादी. वादी म्हणजे दगडांनी भरलेले, बाभळींनी विरळ टाचलेले, पाण्याची आठवणसुद्धा गमावून बसलेले एक रुंद पात्र. तिथे येऊन बदरुद्दीनला बरीच वर्षे झाली होती, पण वादी वाहिली ती नेमकी त्याच्या रजेत. मी आणि मुश्ताक तर अलीकडचेच.

तेव्हा फोन परवडत नसे, म्हणून माणसे कॅसेट भरून पाठवीत. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली की बदरुद्दीन पाण्याच्या मोटारीच्या खोपीत टेपरेकॉर्डर घेऊन बसे. ज्या आयुष्यात काही घडत नाही त्याचे तासभर बोलायचे तरी काय? म्हणून पहिल्या कॅसेटीत त्याने एक झरा सोडला. पुढच्या कॅसेटीत झऱ्याची नदी झाली, तिला वळण आले, वळणाशी डोह आला, डोहावर जुमेरातीला, दर गुरुवारी, केस विंचरणारी एक जिन्न बाई येऊन बसली. संगमेश्वराकडच्या त्याच्या गावात सारा मोहल्ला पडवीत जमून ती नदी ऐके. 'दाजी वाळवंटात बकऱ्या राखतो' म्हणणारा त्याचा मेहुणा मोहिद्दीन त्या नदीनेच गप्प झाला होता. आता हव्वाबीने परत जाऊन 'नुसते धोंडे आहेत' एवढे म्हटले असते, तर बदरुद्दीनला जमातीत मान वर करून बसता आले नसते.

हव्वाबीला दाखवायची म्हणून मुश्ताकने नदी पाठ केली. उगवतीच्या डोंगरात उगम, मळ्यापाशी वळण, पुढे डोह, आणि मग मावळतीला. या शेवटच्या गोष्टीविषयी आमच्यात शंका नव्हती. आमच्या मुलखातली प्रत्येक नदी मावळतीला जाते. फुजैराचा समुद्र उगवतीला आहे हे आम्हाला ठाऊक होते. पण ज्यात सूर्य बुडत नाही त्याला आम्ही मनातून कधी समुद्र मानलेच नव्हते.

हव्वाबी आली. सुक्या बांगड्यांचे गाठोडे हातातून खाली ठेवण्याआधी ती वादीच्या काठावर जाऊन उभी राहिली. बदरुद्दीन तिच्यामागे, आम्ही त्याच्यामागे. वाऱ्याने एक प्लास्टिकची पिशवी पात्रातून सावकाश ओढत नेली.

"वैशाखात आपली पन अशीच व्हते," ती म्हणाली.

आम्ही सुटलो. मुश्ताकला तर इतका चेव आला की त्याने डोह दाखवला, जिन्न बाईचा दगड दाखवला, आणि कुणी न सांगता एक मगरही दाखवली. हव्वाबीने सारे अदबीने ऐकले, जिन्न बाईला सलाम केला, आणि मग विचारले, येते कुठून? बदरुद्दीनने उगवतीकडे बोट केले.

ती खाली उतरली. एका बाभळीपाशी वाकली, बुंध्यात गुंतलेल्या काटक्या आणि चिंध्या चिमटीने ओढून पाहिल्या, दुसरीपाशी गेली, तिसरीपाशी गेली.

"सगला कचरा मावळतीच्या अंगाला अडाकलाय," ती म्हणाली. "पानी तिकडनं येतं. तुमची नदी उगवतीला जाते."

त्या दिवसापासून मळ्यात दुसरा विषय राहिला नाही. बदरुद्दीनने जिन्न बाई सोडून दिली, मगर सोडली, डोहसुद्धा अर्धा बुजवला, मावळत मात्र सोडेना. ती कालवण वाढताना वाडगा उगवतीकडे सरकवी, तो मुकाट्याने मावळतीकडे ओढून घेई. शेवटी अरबाबला विचारले, तर तो हसून म्हणाला की वादी अल्लाहने पाठवले तिकडे जाते, आणि खलास, तुम्ही खजुरीला पाणी घाला.

मार्चमध्ये एका सकाळी डोंगरांवर जांभळे आभाळ बसले. आमच्याकडे थेंब नव्हता, पण जमिनीखालून कुणी जाते ओढावे तशी घरघर येऊ लागली. दोन्ही डोंगरांत घुमणाऱ्या त्या आवाजाला दिशाच नव्हती. बदरुद्दीन पात्रात उतरला आणि कमरेवर हात ठेवून, उगवतीकडे तोंड करून, नवरदेवाची वरात यावी तसा वाट पाहत उभा राहिला. आम्ही ओरडलो, हव्वाबीने हाक मारली; त्याने मान वळवली नाही.

पाणी पाठीमागून आले. गढूळ, फेसाळ, काटक्या पुढे ढकलीत. त्याच्या घोट्यांपाशी ते क्षणभर थबकल्यासारखे झाले आणि मग त्याच्या दोन्ही चपला घेऊन फुजैराकडे निघाले. गुडघ्यापर्यंत चढले तेव्हा मुश्ताकने त्याला लुंगीला धरून काठावर खेचले.

तो निथळत बसला. समोर, इतकी वर्षे त्याने कॅसेटींतून वाहवलेली नदी खरोखरच वाहत होती. ती पाहून तो म्हणाला, "ही नदी न्हाय. नदी अशी जात न्हाय."

"नदीच हाय," हव्वाबी त्याचे डोके पदराने पुसत म्हणाली. "मी बगितली."

व्हिसा संपला, ती गेली. मोहल्ल्यात काय सांगेल या धास्तीने बदरुद्दीनचा भात बिघडू लागला, आणि अरबाबच्या आईने तशी चौकशीही केली.

पुढे मुश्ताक रजेवर गेला. बदरुद्दीनच्या पडवीत पाऊल ठेवताच माणसांनी त्याला घेरले आणि विचारले की नदीवरची तर, म्हणजे होडी, चालवणारा तो तूच ना? हव्वाबीने आपल्या सांगण्यात त्याला होडी दिली होती, वल्ही दिली होती, पुरात अडकलेली एक वरातही पार करायला लावली होती. मुश्ताकने आपल्या तळहातांकडे पाहिले आणि हो म्हटले.

मोहिद्दीन मात्र कोपऱ्यात बसून सारे तोलत होता. त्याने डोळे बारीक केले. "खरा तरवाला हायस, तर सांग. जाते कुठल्या अंगाला?"

मुश्ताकने पुन्हा तळहातांकडे पाहिले. उत्तर त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"मावळतीला," हव्वाबी म्हणाली. "नदी आनी कुठं जानार?"