दुसरे स्मरणपत्र

पितांबर अहिरे यांनी चौतीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि त्यातली निदान वीस वर्षे स्मरणपत्रे लिहिण्यात घालवली. वरच्या कचेरीने माहिती मागवायची, खालच्या कचेरीने ती द्यायची नाही. मग पहिले स्मरणपत्र, पंधरा दिवसांनी दुसरे, त्यात 'संदर्भ' म्हणून पहिल्याचा जावक क्रमांक, आणि शेवटी 'अंतिम' असा शिक्का मारलेले तिसरे. त्यालाही उत्तर आले नाही की कागद नस्तीला लावून दोरी बांधायची. या खटाटोपातून कोणाला कधी काही आठवल्याचे उदाहरण त्यांच्या पाहण्यात नव्हते, पण देवळात जाणारा तरी देव पाहिला म्हणून थोडाच जातो!

ज्या एका माणसाला खरोखर आठवण करून द्यायला हवी होती, ती त्यांची बायको मंदाबाई. तिला त्यांनी जन्मात एक चिठ्ठीही लिहिली नाही. रक्तदाबाची गोळी ती विसरत गेली, हे समोर बसून वर्तमानपत्र वाचत गेले, आणि त्र्याण्णवच्या पोळ्याला पुरणाच्या पातेल्याजवळ ती जी बसली ती पुन्हा उठली नाही. याविषयी पितांबर नाना कोणाशी एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर वर्षभराने त्यांच्याकडे फोन आला. जळगावात नवे एक्स्चेंज सुरू झाले होते आणि आठ-आठ वर्षे नंबर लावून बसलेल्या पेन्शनरांच्या घरांत, आता बोलण्यासारखे काही उरले नसताना, फोन वाजू लागले होते. नानांनी एक जुनी नोंदवही काढली, रेघा मारल्या आणि दहा नावे लिहिली: नाव, नंबर, गोळी, वेळ, शेरा. रोज सकाळी सात ते आठ या वेळात या दहाजणांना फोन करून गोळीची आठवण करून द्यायची. तोंडी स्मरणपत्र.

पहिले नाव धुळ्याच्या केसरअक्काचे. अक्का त्यांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर साक्रीला तिनेच त्यांना अंगाखांद्यावर वाढवले. आता ती धुळ्यात एकटी राहत होती. मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत. त्याने आईला फोन घेऊन दिला आणि कर्तव्यातून मोकळा झाला. नानांना या जगात आपले म्हणावे असे तेवढे एकच माणूस उरले होते, आणि मंदाबाईसारखे तेही एका गोळीपायी जाऊ द्यायचे नाही, एवढ्याचसाठी खरे म्हणजे ती नोंदवही होती. बाकीची नऊ नावे भिडेखातर.

म्हाताऱ्यांना फोनची सवय लावणे सोपे नव्हते. रुपचंद गुरुजींनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता, पण रिसीव्हरचे उत्तर-दक्षिण ध्रुव त्यांना कळेनात. ते तो उलटा धरत आणि "लायनीवर कोणीच नाही रे!" असे लायनीवर ओरडत. द्रौपदाबाईंचा नंबर पी.पी. होता, म्हणजे फोन शेजारच्या सायकलवाल्याचा. तो हाक मारी आणि बाई पदर सावरत, जिना उतरत येत. नाना घरोघर गेले आणि प्रत्येकाला शिकवले: घंटी वाजली की आधी गोळी हातात घ्यायची, मग रिसीव्हर उचलायचा.

"आणि पाण्याचा पेला तिसऱ्या हातात धरायचा का रे नाना?" गुरुजींनी विचारले.

फोनवर जादा बोलणे नानांना मान्य नव्हते. ते एवढेच विचारत, "शे का?" आणि पलीकडून उत्तर यायचे, "शे." म्हणजे आहे, जागेवर आहे, गोळी हातात आहे. हे अक्काच्या घरचे बोलणे. जळगावची मंडळी आधी हसली, "तुमचं ते साक्रीचं शे", पण आठवड्याभरात सगळे शे म्हणू लागले. उत्तर आले की नाना शेऱ्याच्या रकान्यात बरोबरची खूण करीत. पेन जुने, निबाचे. कागदावर त्याची खरखर फोनमधून पलीकडे ऐकू जाई. "कोंबडी उकिरडा उकरस तसं वाजस तुना पेन," अक्का म्हणायची. उत्तर न आल्यास तीनदा विचारायचे आणि 'गैरहजर' असा पूर्ण शब्द लिहायचा, असा नियम त्यांनी केला होता. तो लिहिण्याची वेळ मात्र आली नव्हती.

डिसेंबरातल्या एका थंड सकाळी त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"अरे, आत्ताच तर केलास!" गुरुजी म्हणाले. "गोळी पोटात गेली, तिच्यावर चहाही गेला. नाना, आता तुझ्यासाठी कोणीतरी वही घालायला हवी."

नाना कानकोंडे झाले. वहीत गुरुजींच्या नावापुढचा रकाना कोरा होता. दुसऱ्या दिवशी यादीतल्या भटू आबांनी तेच सांगितले, आणि आठवड्याभरात दहाच्या दहाजण. प्रत्येकाला नानांचा फोन नानांच्या आधी येऊन गेलेला असे. सुरुवातीला पाच मिनिटे आधी, मग पाऊण तास. नानांचे सगळे फोन आता दुसरी स्मरणपत्रे झाले होते, आणि पहिल्याची जावकला नोंद नव्हती. कारकुनाच्या मनाला याहून भयंकर गोष्ट सुचणे कठीण.

आपणच फोन करतो आणि विसरतो, हे उघड होते. बासष्ट म्हणजे काही फार वय नाही, पण त्यांच्या कचेरीतले साहेब पंचावन्नाव्या वर्षीच स्वतःचे टेबल विसरलेले त्यांनी पाहिले होते. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी फोनच्या तबकडीला कुलूप घातले आणि किल्ली शेजारच्या सुकदेव आप्पांकडे दिली.

"काय नाना, फोन पळून जातो का काय?" आप्पा म्हणाले.

सकाळी आठाला त्यांनी किल्ली परत आणली, कुलूप काढले आणि अक्काला फोन लावला.

"कितला येळ फोन करस रे भाऊ?" अक्का म्हणाली. "सवासातलेच तर व्हयना तुना फोन."

नानांनी सावकाश विचारले, "अक्का, माझाच आवाज होता?"

"मंग कोना? तुना आवाज माले वळखाले येवाव नही का? पेनबी वाजना."

त्या दिवसापासून नाना आपल्या पहिल्या फोनविषयी माहिती काढू लागले, आणि जे कळले ते कुलपापेक्षा वाईट होते. पहिला फोन चांगला होता. तो गुडघ्यांची विचारपूस करी. गुरुजींचा हरवलेला चष्मा धान्याच्या कोठीवर आहे, हे त्याने सांगितले आणि चष्मा तिथेच निघाला. द्रौपदाबाई तर एके दिवशी सायकलवाल्याच्या दुकानातून गहिवरून म्हणाल्या, "नाना, काल तुम्ही मंदाबाईंचं सांगितलं ना, की ती रोज विसरायची आणि तुम्हाला दिसायचं, तरी उठला नाहीत म्हणून... मला दिवसभर जेवण गेलं नाही हो."

नानांनी रिसीव्हर ठेवला. त्या सकाळी उरलेल्या फोनांना त्यांचा आवाज इतका कोरडा होता की दोघांनी विचारले, मघाशी तर बरा होतास.

जानेवारीत भटू आबांनी एकदा फोन उचलताच "शे" म्हटले आणि दुसरे काही म्हटले नाही.

"आबा, याआधी फोन आला नाही?"

"नाही बुवा. आज हा पहिलाच."

नानांना इतके हलके वाटले की त्यांनी आयुष्यात प्रथमच आबांच्या खोकल्याची चौकशी केली. दुपारी तीन वाजता आबा गेले. गोळी घेतलेली होती, पाण्याचा पेला पालथा घातलेला होता. नऊ दिवसांनी सायकलवाल्याने सांगितले, "आज बाईंना तुमचा एकच फोन हो नाना, हाच." द्रौपदाबाई दिवे लागायच्या आत गेल्या.

मग नानांचे रोजचे विचारणे बदलले. "शे का?"च्या नंतर ते हळूच विचारीत, "याआधी फोन आला होता का?" आणि पलीकडून वैतागलेले "हो रे बाबा" आले की डोळे मिटून खूण करीत. ज्या आगंतुकाला हुसकावण्यासाठी कुलूप आणले, त्यानेच कृपा करून रोज यावे, म्हणून ते आता पहाटेपासून फोनसमोर हात जोडल्यासारखे बसत. सुकदेव आप्पा म्हणाले, "नाना, तुम्ही जेवता का? गालफडं बसली." नाना म्हणाले, "बघतो." स्वतःच्या गोळीची पट्टी टेबलावर कितीतरी दिवस तशीच पडून होती. दहाजणांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, आणि असण्याचे काही कारणही कोणाला सुचले नव्हते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी, बरोबर सात वाजता, त्यांनी अक्काला फोन लावला.

"शे का?"

"शे."

"याआधी फोन आला होता, अक्का?"

"नही भाऊ. आज हाऊच पहिला." मग ती म्हणाली, "का रे? असा का दम टाकस?"

नानांनी नोंदवही तशीच उघडी टाकली, कोट चढवला आणि स्टँड गाठले. एरंडोल मागे पडल्यावर धुळ्याच्या गाडीत त्यांच्या लक्षात आले की यादीतल्या बाकीच्यांना आपण आज फोन केलाच नाही, म्हणजे पहिला फोन फक्त अक्काला आला नाही की कोणालाच आला नाही, हे आपण पाहिले नाही. एका कागदावरून निष्कर्ष काढणाऱ्या कनिष्ठ लिपिकांना त्यांनी आयुष्यभर झापले होते. पण पारोळ्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली आणि ते सगळे विसरून वाटेवरच्या बाभळी मोजीत बसले.

अक्का ओसरीवर दादर ज्वारी निवडत बसली होती. जिवंत, आणि नेहमीसारखी चिडलेली.

"तू आठे कसा काय उना?"

"सहजच आलो."

"सहज? चौतीस वर्षांत तू सहज कधी उना व्हता?"

त्या दिवशी त्यांनी तिला नजरेआड होऊ दिले नाही. ती परसात गेली की हे दाराशी, ती चुलीशी बसली की हे पाटावर. दुपारी मन खाऊ लागले म्हणून त्यांनी तिच्याच फोनवरून जळगावला गुरुजींना गाठले आणि सकाळी फोन करता आला नाही, याबद्दल माफी मागायला सुरुवात केली.

"करता आला नाही म्हणजे?" गुरुजी म्हणाले. "सात वाजून वीस मिनिटांनी झाला की! चांगला गप्पा मारत होतास. आज मात्र एकदाच केलास, दुसऱ्यांदा छळलं नाहीस. असंच ठेव बाबा. बरा झालास."

म्हणजे पहिला फोन चुकला होता तो एकट्या अक्काला. संध्याकाळ झाली. अक्काने भाकरी टाकल्या, तिखट वरणाबरोबर दोन खाल्ल्या, नानांनी अर्धी चघळली. ती अंथरुणावर पडली तेव्हा ते तिचा श्वास ऐकत भिंतीला टेकून बसून राहिले, आणि तसेच कधीतरी उजाडले. अक्का उठली, तिने चूळ भरली, चहा ठेवला. नानांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आबा त्याच दिवशी गेले होते, द्रौपदाबाई त्याच दिवशी गेल्या होत्या. अक्काचा तो दिवस निघून गेला होता. आपला हिशेब चुकला, आणि जन्मात पहिल्यांदा हिशेब चुकल्याचा त्यांना आनंद झाला. कपबशी हातात घेऊन ते म्हणाले, "अक्का, मी आता चार दिवस इथंच राहतो."

सात वाजता फोन वाजला.

अक्काने शिस्तीत आधी डबीतून गोळी काढली, तळहातावर घेतली, मग रिसीव्हर उचलला. "शे, भाऊ, शे," ती म्हणाली. मग ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू आले. नानांनी तसे हसू साक्री सोडल्यापासून पाहिले नव्हते. "हां, आठेच शे," ती म्हणाली. "कालदिनपासून बठेल शे. चहाबी पेना नही नीट. देस, थांब."

तिने रिसीव्हर पुढे केला.

"कोण आहे?" नानांनी विचारले.

"कोण म्हंजे? आपला पितांबर शे," अक्का म्हणाली. ती नानांकडे अशी पाहत होती, जसे कोणी घरी आलेल्या परक्या माणसाकडे, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने पाहते. "ले. तुले इचारी राहिना."

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे त्यांची खोली होती. खिडकीची फट वाऱ्याने वाजते तशी वाजत होती. मग त्यांचाच आवाज आला, पण इतका मऊ, इतका घाई नसलेला, की हा आवाज मंदाला ऐकायला मिळाला असता तर, असे त्यांच्या मनात येऊन गेले.

"शे का?"

एकच अक्षर म्हणायचे होते. इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी तोंड उघडले. जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली.

"शे का?" आवाजाने पुन्हा विचारले.

अक्का गोळी तशीच तळहातावर धरून त्यांच्या ओठांकडे पाहत होती. बशीतल्या चहावर साय धरली होती.

"शे का?" तिसऱ्यांदा आले. हे अंतिम होते. त्यांना ते सुरावरूनच कळले.

पलीकडे नोंदवहीचे पान उलटले आणि पेनाची खरखर सुरू झाली. बरोबरची खूण एका ओढीत संपते. पेन थांबले नाही.