गंगम्माची नळी

मंगळवारी आमचा सरकारी दवाखाना ओस पडायचा आणि मल्लय्यास्वामीच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. लघवी तुंबून तळमळणारे म्हातारे खाटेवरून यायचे. स्वामी धोतराआड लाल दोरा गुंडाळलेली 'गंगम्माची नळी' सरकवायचा, गंगम्मादेवीला "आई, दार उघड" म्हणायचा आणि पितळी घंगाळात धार पडायची. म्हातारे रडत पाया पडायचे.

सांबय्या ताडी काढणारा. कमरेचा दोर तुटून तो ताडावरून पडला. बायको यल्लव्वा आणि मेहुणा राजमौळी त्याला माझ्याकडे घेऊन आले. ओटीपोट टम्म फुगलेलं, कमरेचं हाड मोडलेलं, लघवीच्या तोंडाशी रक्त. मी म्हणालो, "आतली वाट फाटलेली दिसते. खालून नळी घालायची नाही. ओटीपोटातून सुईने लघवी काढतो, मग जिल्ह्याला नेऊ."

"स्वामी न टोचता मोकळं करतो," राजमौळी म्हणाला, "आणि तुम्ही पोट फोडायला निघालात." यल्लव्वा माझ्याकडे बघत राहिली, पण खाट उचलली गेली.

मी मागोमाग पोचलो तोवर स्वामीने नळी घातली होती. अडली म्हणून आणखी जोर लावला होता. घंगाळात नुसतं रक्त होतं.

"गंगम्मा रुसली," स्वामी शांतपणे सांगत होता. "घरातल्या बाईने नवस चुकवला."

मी नळी ओढून घेतली, दोरा उलगडला. आत आमच्या दवाखान्यात असते तसलीच रबरी नळी. लोकांना सांगितलं, म्हाताऱ्यांची लघवीच्या वाटेभोवतीची गाठ सुजून वाट दाबली जाते, पण वाट शाबूत असते, म्हणून नळी जाते. कुठलीही नर्स हे करते. सांबय्याची वाट फाटली होती. नळी त्या फाटीत घुसली आणि उरलंसुरलं तोडून गेली.

मी तिथेच ओटीपोटातून लघवी काढली, सांबय्याला गाडीत घालून जिल्ह्याला पाठवलं. पण जखम पिकली, विष अंगभर पसरलं आणि सांबय्या गेला.

दिवसकार्य झाल्यावर नवस चुकवणारी म्हणून यल्लव्वाला सासरच्यांनी घराबाहेर काढलं. तिचा सख्खा भाऊ राजमौळीही गप्प राहिला. पुढच्या मंगळवारी स्वामीच्या नळीला नवा दोरा होता आणि मांडव भरलेला होता.

ऐकणारं कुणी उरलंय की नाही, ठाऊक नाही. तरी सांगतो. पडून मार लागला, लघवी होत नाही आणि तिथे रक्त दिसतंय, तर नळी घालू देऊ नका. स्वामीला नाही आणि घाईतल्या डॉक्टरलाही नाही. आधी विचारा, आत काय फाटलंय.