बाणाची बाजू

"चकाकणारा हवा," संचालकांनी बजावलं होतं. "पाहुणे हातात धरून फोटो काढणार आहेत. शेवटच्या रांगेतनं दिसला पाहिजे."

म्हणून मी, संशोधन गटाची प्रमुख, पन्नाशी कधीच उलटलेली बाई, सकाळपासून गोदामात उकिडवी बसून चकाकणारा दगड शोधत होते. एका हातात ओला ब्रश, दुसऱ्या हातात भिंग. गुडघे कुरकुरत होते. मनातल्या मनात मी संचालकांना जे म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं गोदाम म्हणजे रांगेनं मांडलेल्या पत्र्याच्या पेट्या. डोंगरात यंत्रानं खोल भोकं पाडून मनगटाएवढे जाड दगडी दांडे बाहेर काढतात. त्यांना आम्ही कोअर म्हणतो. प्रत्येक दांडा करवतीनं उभा चिरायचा. अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो, तिथे त्याची भुकटी करून लिथियम किती आहे ते मोजतात. अर्धा पेटीत राहतो, उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला. हल्ली बॅटरीशिवाय कुणाचं पान हलत नाही आणि बॅटरीला लिथियम लागतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी या डोंगराच्या मागे लागले तेव्हा हेच सगळे हसत होते. 'दगडबाई' हे नाव तेव्हाच पडलं. ठेवणाऱ्याला वाटलं मी चिडेन. मी ते टेबलावर पाटी करून लावलं.

दोन दिवसांनी आकडा जाहीर व्हायचा होता. शंभर किलो दगडात सव्वा किलोहून जास्त लिथियम. एवढं निघालं तर खाण काढणं परवडतं. बारा वर्षं मी याच आकड्याची वाट पाहिली होती. गटाचं प्रमुखपद मला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं, भांडून घेतलं होतं, आणि त्या भांडणाचं उत्तर म्हणजे हा आकडा होता.

पहिली पेटी ओली केली. करडा दगड. दुसरी ओली केली. करडा. दगड कोरडा असला की सगळेच सारखे दिसतात, पाणी लागलं की खरा रंग दाखवतात, म्हणून ब्रश. दुपारपर्यंत अर्धं गोदाम ओलं करून झालं, पण लिथियम ज्यात असतं तो बोटभर लांबीचा एकही स्फटिक सापडेना. पोतंभर साखर आणली म्हणावी आणि डबा उघडला तर तळाशी चमचाभर, तसं झालं. आधी वाटलं, माझेच डोळे गेले. मग भिंग लावून पुन्हा पाहिलं, तरी नाही.

मी कलाकाराला हाक मारली. कलाकार म्हणजे माझा सहायक. विद्यार्थी म्हणून आला तेव्हापासून माझ्या हाताखाली. चित्रं सुरेख काढतो म्हणून हे नाव. कोअर कुठून चिरायचा ती रेघ दांड्यावर तोच मारायचा, आणि त्याच्या रेघेचं मी चारचौघांत कौतुक करायचे.

"या रेघा तू मारल्यास ना?"

"हो मॅडम, सगळ्या मीच. का, वाकड्या आहेत?"

"सरळ आहेत. मोठे स्फटिक कुठे गेले?"

"लॅबला."

"सगळे?"

तो जरा घुटमळला. मग हसला, लाजल्यासारखा. "मॅडम, तुम्ही पाहिलेत ना ते? फिकट हिरवे, आरपार दिसतं त्यांच्यातनं. त्यांच्यावर करवत घालवेना मला. म्हणून रेघ जराशी बाजूनं घ्यायचो. म्हणजे निदान माझ्या हातनं तरी तो मोडत नाही."

"आणि बाण?"

दांड्याची खालची दिशा कळावी म्हणून त्याच्यावर निळ्या शाईनं बाण काढतात. बाणाची बाजू पेटीत ठेवायची, दुसरी प्रयोगशाळेत पाठवायची, हा आमचा नियम.

"बाण दुसऱ्या अंगाला. स्फटिकावर शाई टिकत नाही हो, लगेच पुस..."

तो तिथेच थांबला. स्वतःचं बोलणं त्याला स्वतःला ऐकू आलं होतं. दर वेळी श्रीमंत अर्धा भाग प्रयोगशाळेत गेला होता आणि कंगाल भाग पेटीत राहिला होता. फेरतपासणीही झाली होती, पण ती त्याच भुकटीची, त्यामुळे आकडे अगदी छान जुळले होते. कुणी खोटेपणा केला नव्हता. एका पोराला सुंदर वस्तू मोडवली नाही, एवढंच.

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली. "गाढवा," मी म्हटलं, "करवत लाव."

आम्ही वेगवेगळ्या पेट्यांतले उरलेले भाग निवडून आमच्याच प्रयोगशाळेत दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. बाणाच्या बाजूत लिथियम जेमतेम नखभर होतं. दोन्ही बाजू मिळून सरासरी काढली तर सव्वा किलोचं पाऊण किलोसुद्धा राहत नव्हतं. म्हणजे खाण नाही.

मी प्रसाधनगृहात जाऊन दार लावून रडले. मला तो आकडा खरा हवा होता. त्या पोराला, संचालकांना, सरकारला हवा होता त्याहून कितीतरी जास्त मला हवा होता. मग तोंडावर पाणी मारलं आणि संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांची ही शांतता फार वाईट असते.

"मॅडम, आकडा थोडा वर-खाली होतोच. आपण नंतर सुधारित आकडा देऊ."

"नंतर म्हणजे? डोंगर फोडल्यावर?"

"हरित अर्थव्यवस्थेसाठी लोकांमध्ये उत्साह हवा." हल्ली त्यांच्या प्रत्येक वाक्यात हरित असायचं. केबिनचे पडदेसुद्धा त्यांनी हिरवे करून घेतले होते.

"उत्साहानं बॅटरी चार्ज होत नाही, सर."

"तुम्ही बोलू नका काही. व्यासपीठावर नुसत्या बसा. आकडा मी वाचतो."

"मी बसले की आकडा माझा होतो."

ते पुढे वाकले. आवाज मऊ केला. "चूक त्या पोराची आहे. बाहेर आली तर त्याला पुढे कोण दारात उभं करील? त्याचा तरी विचार करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याचाच करतेय. चूक आज सांगितली तर चार दिवस लोक हसतील. दाबली तर ती त्याला जन्मभर सांभाळावी लागेल. तुमच्यासाठी."

"मग प्रमुखपदाचा विचार करावा लागेल मला."

"विचार कशाला करता, काढूनच घ्या. पण उद्या तो आकडा वाचलात तर मी पहिल्या रांगेतनं उभी राहीन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. माईक लागत नाही."

संध्याकाळच्या आत आदेश निघाला. प्रमुखपदाचा तात्पुरता कार्यभार कलाकाराकडे. संचालक हुशार माणूस. चूक करणाऱ्यालाच खुर्चीवर बसवलं म्हणजे तो तोंड उघडणार नाही, असा हिशेब.

घरी आले. आमच्या घराखालीच यजमानांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. ते एका मशीनचं पोट उघडून बसले होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं.

"काढलं?"

"काढलं."

"बरं झालं, उद्या घरी असशील. कपाट आवरू."

"उद्या कार्यक्रमाला जायचंय."

"बोलावलंय?"

"नाही."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "त्या डोंगरापायी मी बारा वर्षं एकटा जेवलोय. तक्रार नाही केली. आता हाताशी आलेला डोंगर तू स्वतःच घालवतेस?"

हे मला लागलं. संचालक दिवसभर जे बोलले त्यातलं काही लागलं नव्हतं, हे लागलं.

"हाताशी आलाच नव्हता हो," मी म्हटलं. "आपल्याला तसं वाटलं."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा उचलला. मग म्हणाले, "ते काळं जाकीट घाल, कडक कॉलरचं. बाकीच्या कपड्यांत तू गरीब दिसतेस."

दुसऱ्या दिवशी मी काळं जाकीट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. दारावरच्या माणसाला माझी पदावनती अजून कळली नव्हती, त्यानं सलाम ठोकला. मांडीवर मी गोदामातून आणलेला कोअर ठेवला होता, करडा, बाणाच्या बाजूचा. व्यासपीठावर संचालक, पाहुणे, आणि टोकाच्या खुर्चीत नव्या कोटातला कलाकार. तो माझ्याकडे बघत नव्हता. मला त्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला.

संचालकांनी भाषण सुरू केलं. हरित, हरित, हरित. मग कागद सारखा करून म्हणाले, "आणि आता तो आकडा, ज्याची आपण सगळे आतुरतेनं..." तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. मी दगड गुडघ्यावर उभा धरला आणि दुसऱ्या हातानं खुर्चीचा हात पकडला.

मी उठायच्या आत व्यासपीठावरची एक खुर्ची करकरली. कलाकार उठला होता. तो पायऱ्या उतरला, सगळ्या सभागृहासमोरून चालत आला आणि माझ्यापाशी थांबला.

"मॅडम, जरा सरका."

मी सरकले. तो बसला.

"नोकरी जाईल, मूर्खा," मी कुजबुजले.

"काल रात्रभर तेच मोजत बसलो होतो," तो म्हणाला. त्यानं माझ्या हातातला दगड घेतला आणि बाण समोर दिसेल असा स्वतःच्या मांडीवर धरला. "त्यांनी वाचलं तर आधी मी उठणार. रेघ माझी आहे."

संचालक आमच्याकडे बघत राहिले. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. संचालकांनी घसा खाकरला, पान उलटलं आणि म्हणाले, "...तो आकडा यथावकाश जाहीर करण्यात येईल. अभ्यास अजून चालू आहे." लोक टाळ्या वाजवायला आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रमुखपद मला परत मिळालं नाही. बाहेरून एक गृहस्थ आणले. माणूस वाईट नाही, नियमानं चालणारा आहे. कलाकाराची बदली डोंगरावरच्या तंबूत झाली, तिथून तो रेघा मारलेले दांडे पाठवतो. आता त्याची रेघ स्फटिकाच्या बरोबर मधून जाते. माझं टेबल गोदामात करवतीशेजारी आलं. पेट्यांत राहिलेला प्रत्येक अर्धा भाग मी तपासायला पाठवला. करवतीचं पाणी उडून दिवसभर पाय ओले राहायचे. सर्दी जाता जाईना.

शेवटी अहवाल छापून आला. मी तो घेऊन दुकानात गेले. यजमानांनी तेलाचे हात पुसले, चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं, मग पुन्हा पहिलं.

"तुझं नाव कुठंय?"

"नाहीय."

"आभारात तरी?"

"तिथेही नाही. अहो, नाव सोडा. ते जाड अक्षरांतलं वाचा."

त्यांनी कागद उजेडात धरला. "शंभर किलोमागे सरासरी पॉइंट अडुसष्ट." "म्हणजे निम्माच की गं. मग खाण?"

"नाही होणार."

"आणि याच्यासाठी तू..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. रस्त्यावरून मशीन घेऊन एक गिऱ्हाईक आत आलं. यजमानांनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.

"परत वाचा," मी म्हटलं. "मोठ्यानं."