फोनातली अम्मा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा, आवाज घोगरा. हरेशने मला सीताबर्डीवर सेकंडहँड घेतलं, तेव्हा त्याच्या कडेवर वर्षभराची सोनिका होती. पाकिस्तानातल्या सिंधमधलं घरदार सोडून बाप, लेक आणि आजी नागपूरच्या जरीपटक्यात आले होते. सोनिकाच्या आईला, जमनाला, मात्र व्हिसा मिळाला नाही. "तुम्ही निघा, मी मागून येतेच," म्हणाली. येतेच म्हणे! पाच वर्षं गेली.

ती माझ्यात, माझ्या घोगऱ्या आवाजात, राहू लागली. घरात हे सिंधी बोलतात, मी आपल्या नागपुरीत सांगतो. संध्याकाळी मी वाजलो की आजी म्हणायची, "हे पाह्य तुही अम्मा. पहिला घास तिले दे." पोरगी लोलो, म्हणजे तुपातली जाड गोड पोळी, माझ्या काचेला फासायची. मला उशाशी घेऊन झोपायची. अशाने पोरीची आईवरची माया टिकेल असं आजीला वाटलं. टिकली, पण माझ्यावर.

यंदा जमना खरोखर आली. दारातच तिने हात पसरले. सोनिका आजीमागे लपली. "माही अम्मा फोनात राहते. तू कोण होय वं?"

जमनाने घास भरवला, तो तिने थुंकला. ती जेवेचना. अम्माले फोन लावा, एवढाच हट्ट. शेवटी हरेशने जमनाच्या हातात तिचा स्वतःचा फोन दिला. "गच्चीवर जाऊन बोल. जेवू दे तिले."

मी वाजलो. सोनिका धावत आली.

"अम्मा, काहून नाही आली इतके दिवस? घरी एक बाई आली. बहुत रडते. तिले पाठवून दे ना."

"बरं," जमना म्हणाली. "आधी जेव."

आता रोज हेच. जमना स्वयंपाक करते, ताट वाढते आणि गच्चीवर जाते. घास मला मिळतो. मला त्याची किळस येते.

मित्रांनो, आत्मकथा सांगणारे माझ्यासारखे सगळे शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी नाही विनवणार. माझी बॅटरी फुगली आहे, उद्या हरेश मला दुरुस्तीला नेईल. तुमच्यापैकी कुणाचे बाबा मोबाइल दुरुस्त करत असतील तर त्यांना सांगा, हा दुरुस्त होणार नाही म्हणा. सोनिकाला वाटेल, तिची अम्मा मेली. वाटू द्या. ती रडेल तेव्हा तिला उचलून घ्यायला जमना गच्चीवर नसेल, घरात असेल.