पाचव्या बाटलीवर ठरलेलं इंजिन

मित्रांनो, मी एक मोटार. जुनी, लहानखुरी, पिकल्या लिंबाच्या रंगाची. इथपर्यंतचं सगळं मी मान वर करून सांगू शकते. पुढचं सांगताना मात्र माझे दिवे आपोआप खाली झुकतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी तिथे रांगेत उभ्या होत्या आणि आपण काही वेगळ्याच आहोत असं प्रत्येकीला वाटत होतं. मला वोलोस बंदरात आणलं ते लाझारोसनं. तेव्हा तो नुकताच मिशा राखू लागला होता. आइस्क्रीमच्या पेट्या, मासेवाल्यांची शीतकपाटं, खाटकांच्या थंड खोल्या दुरुस्त करायच्या, म्हणजे जे तापलं असेल ते गार करायचं, हा त्याचा धंदा. हे लक्षात ठेवा. पुढे मला लाज आणणार आहे ते नेमकं हेच.

माझा रंग पाहून त्यानं माझं नाव ठेवलं लेमोना. माझ्या पोटात तेव्हा माझं जन्माचं इंजिन होतं. छोटंसं, शिवणयंत्रासारखं टकटकणारं. त्याच्या जिवावर मी लाझारोसची हत्यारं वाहिली, त्याच्या सासूबाईंची ऑलिव्हची पोती वाहिली. त्याची बायको रिनियो मांडीवर तान्ही मुलगी घेऊन दवाखान्यातून घरी आली, तीही माझ्यातूनच. ती मुलगी मिर्सिनी. आमचं घर डोंगराच्या उतारावर. संध्याकाळी मी खालच्या वळणावर टकटक करत चढू लागले की मिर्सिनी खिडकीतून ओरडायची, "आई, बाबा आले, वाढ." आणि खरोखरच मी दारात पोचेपर्यंत सूप ताटलीत असायचं. एखाद्या गाडीचं यापेक्षा मोठं कौतुक काय व्हायचं?

शाळेत असतानाच तिनं सांगून टाकलं होतं, "मी लग्नाला लेमोनातूनच जाणार. बाबा चालवणार." लाझारोसनं छातीवर हात ठेवून शब्द दिला.

पुढे मी थकले. डोंगरमाथ्यावर संत इलियासचं चर्च आहे. त्याच्या जत्रेला चार माणसं घेऊन निघालं की शेवटच्या चढावर माझा श्वास कोंडायचा. मग सासूबाई उतरून बाजूनं चालू लागायच्या, आणि पुढे निघून जायच्या. लाझारोसच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट ज्यानं अदलून बदलून घातले तो अपोस्तोलिस, म्हणजे आमचा कुंबारोस. दोघे एकमेकांना याच नावानं हाक मारतात. हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं, आणि त्यामुळे सख्ख्या भावापेक्षा जास्त टोचणारं. तो मासेमारीची होडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात लाझारोसला.

"कुंबारोस, मघाशी तुझ्या गाडीला एक कासव मागे टाकून गेलं," तो म्हणायचा. "जाताना म्हणालं, वाट दिल्याबद्दल आभारी आहे."

मिर्सिनीचं लग्न ठरलं, आणि तेही त्याच डोंगरावरच्या चर्चमध्ये. लाझारोसची झोप उडाली. सगळं गोत मागून येणार, आणि शेवटच्या चढावर नवरी उतरून चालायला लागली तर? त्यानं ठरवलं, लेमोनाला नवीन इंजिन बसवायचं.

इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं, मित्रांनो. चूक झाली ती ठरवण्याच्या जागेत.

वोलोसमध्ये महत्त्वाचं काहीही त्सिपुरो पिताना ठरतं. ही द्राक्षाची दारू इथे एवढ्याशा बाटलीतून येते आणि दर बाटलीबरोबर खाण्याची एक ताटली येते. पहिलीबरोबर साधे ऑलिव्ह. जसजशा बाटल्या वाढतात तसतशी ताटली सुधारते: तळलेली मासळी, मग कोळंबी, मग निखाऱ्यावरचा ऑक्टोपस. त्यामुळे पहिल्या बाटलीवर कुणी उठत नाही. पुढे काहीतरी बरं येणार, हा इथला धर्मच आहे.

लाझारोस बसला, अपोस्तोलिस बसला आणि गॅरेजवाला फोटिस बसला. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, सगळं ऐकत.

पहिल्या बाटलीवर फोटिस म्हणाला, "तुझ्या गाडीच्याच घराण्यातलं थोरलं इंजिन मिळतं. वर छोटा टर्बो लावू. त्याच आधारांवर बसेल, गिअरबॉक्स तोच, रेडिएटर तोच. चढ काय, भिंतसुद्धा चढेल."

टर्बो म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्याच धुरावर फिरणारी भिंगरी. ती इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबते आणि लहान इंजिनाला मोठ्याचं बळ देते. मला हा बेत इतका आवडला की मी इंजिन बंद असतानाही थरथरले.

पण समोर ऑलिव्ह होते. अपोस्तोलिस एक बी थुंकून म्हणाला, "म्हणजे मुलीच्या लग्नात लेमोनाची आत्या आणणार. जरा ऐटदार काही नाही?"

दुसऱ्या बाटलीवर इंजिन वाढलं. तिसऱ्यावर त्याच्यासाठी नवे आधार वेल्ड करायचे ठरले. चौथ्यावर गिअरबॉक्स बदलला. पाचवीबरोबर ऑक्टोपस आला आणि फोटिसनं डोळे मिटून एका जपानी शर्यतीच्या गाडीतल्या इंजिनाचं वर्णन केलं, तीनशे घोड्यांचं. टेबलावर अशी शांतता पसरली की जणू कुणी स्तोत्र म्हटलं.

"बसेल का?" लाझारोसनं विचारलं.

"बसवू," फोटिस म्हणाला.

बसेल आणि बसवू यांत जो फरक आहे, मित्रांनो, त्याच फरकाची ही गोष्ट आहे.

माझं टकटकणारं इंजिन निघालं. ते अपोस्तोलिसनं मागून घेतलं आणि होडी बांधायला नांगर म्हणून खाडीत सोडलं. लाझारोसनं नुसती मान हलवली. जिनं त्याची लेक घरी आणली ती टकटक बुडबुडे सोडत खाली गेली.

नवं इंजिन माझ्यात मावत नव्हतं. त्याच्यासाठी पोटातले पत्रे कापले, रेडिएटर काढून अर्ध्या मापाचा लावला. तरी टर्बोला जागा पुरेना, तेव्हा फोटिसनं रेडिएटरमागचा पंखा काढून टाकला. "पळताना वारा आपोआप लागतो," तो म्हणाला. आणि शीतकपाटांच्या पंख्यांवर ज्याचं पोट चाललं त्या लाझारोसनं म्हटलं, "बरोबर आहे."

मग माझे चांगले दिवस सुरू झाले, म्हणजे लोक ज्यांना चांगले म्हणतात ते. रविवारी सकाळी कारखान्यांमागच्या सरळ रस्त्यावर लाझारोस मला सोडायचा आणि मी किंचाळत सुटायचे. अनोळखी माणसं माझ्या बॉनेटवर वाकून आदरानं बघत. मला खूप लाजल्यासारखं व्हायचं. ते कौतुक माझं नव्हतंच. शेजारणीचे दागिने घालून मिरवावं आणि लोकांनी गळ्याची तारीफ करावी, तसं ते होतं.

पहिल्यांदा मी त्या आवाजात उतार चढून घरी आले तेव्हा मिर्सिनी खिडकीत आली आणि म्हणाली, "आई, बघ गं, कोण आलंय." त्या दिवशी सूप वाढलेलं नव्हतं.

लाझारोसनं तिला अभिमानानं सगळं दाखवलं. फोटिसही होता, अपोस्तोलिसही होता. ती ऐकत राहिली आणि मग तिनं एकच विचारलं.

"बाबा, ही हळू चालते का?"

तिघे पोट धरून हसले. अपोस्तोलिसला तर ठसका लागला. हळू चालवायला इतका खटाटोप कोण करतं? मिर्सिनीही थोडं हसली. मी हसले नाही. मला उत्तर माहीत नव्हतं, कारण मला कुणी हळू चालवलंच नव्हतं.

लग्नाचा दिवस उजाडला. सप्टेंबर लागला होता, पण ऊन ऑगस्टचंच होतं. माझ्या आरशांना पांढऱ्या फिती बांधल्या. मिर्सिनी मागे बसली, तिच्या झग्यानं माझं सगळं अंग भरून गेलं. मागे गाड्यांची रांग लागली आणि भोंगे सुरू झाले.

आता तुम्हीच सांगा, वरात पळते की चालते? किनाऱ्याच्या रस्त्यानं आम्ही माणसाच्या चालीनं निघालो. सज्ज्यासज्ज्यात लोक हात हलवत होते. माझा क्लच शर्यतीचा. त्याला फक्त दोन गोष्टी कळत, उडी आणि मरण. त्यामुळे मी गचके देत चालले, नवरीची जाळीची ओढणी पुढे-मागे होत राहिली. वारा म्हणून नव्हता. पंखा म्हणून नव्हता. माझ्या तापमानाच्या काट्यानं लाल रेघ गाठली.

लाझारोसला दिसलं. त्याला सगळं कळलं, मित्रांनो, मला त्याच्या हातांतून ते जाणवलं. पण सगळ्या सज्ज्यांसमोर थांबायचं कसं? त्यानं हीटर पूर्ण चालू केला. इंजिनाची उष्णता आत ओढून घेण्याचा हा जुना उपाय आहे.

"बाबा, हीटर लागलाय."

"हो, बाळा."

"मुद्दाम?"

"हो, बाळा."

तिच्या डोळ्यांचं काजळ हळूहळू गालावर उतरू लागलं. डोंगर सुरू झाला तेव्हा मी कशीबशी तग धरून होते. शेवटच्या चढाखाली एका मोठ्या चिनाराजवळ पाण्याचा झरा आहे. तिथल्या वळणावर माझ्या पोटात काहीतरी फुटलं आणि मी पांढऱ्या वाफेत बुडून गेले. वाफ विरली तेव्हा सगळं गोत माझ्याभोवती गोळा झालं होतं. लाझारोस बॉनेटपाशी उभा होता, नव्या कोटावर रेडिएटरचं हिरवं पाणी उडालेलं. आयुष्यभर त्यानं गावाच्या वस्तू गार केल्या होत्या.

शेवटी अपोस्तोलिसनं कोट काढून झाडाला टांगला, बाह्या दुमडल्या आणि तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"आत तीनशे घोडे आहेत ना रे?" तो म्हणाला. "एकाला तरी खाली बोलाव. हात लावायला माणसं कमी पडतायत."

सगळे हसले. लाझारोस हसला नाही. त्यानं मागचं दार उघडलं आणि खाली बघत म्हणाला, "पोरी, कुंबारोसच्या गाडीत बस. मासळीचा वास येतो, पण चालते."

"शब्द काय होता?" मिर्सिनी म्हणाली.

ती उतरली, झगा गोळा करून पुढे येऊन बसली आणि तिनं स्टिअरिंग धरलं. "चालवणार तुम्ही होतात. आता ढकला. मी वळवते."

मग कोटातली, टायमधली, उंच टाचांची सगळी माणसं माझ्या मागे लागली. लाझारोस मधोमध. त्याचा गाल माझ्या पत्र्याला टेकला होता आणि तो ओला होता, घामानं की कशानं ते मी विचारलं नाही. इंजिन बंद होतं. चाकांखालच्या खड्यांचा तेवढा आवाज. चर्चच्या दारात फुलं घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाला भोंगे आधी ऐकू आले होते, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग नवरी स्वतः गाडी हाकत वळणावरून वर आली, गालांवर काजळ घेऊन.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"हळू आलो," मिर्सिनी म्हणाली.

लग्न छान झालं म्हणतात. मी बाहेर उभी होते, थेंब थेंब गळत. मुलं येऊन माझ्याखालचं हिरवं डबकं बघत होती. त्या दिवशी मला उन्हापेक्षा त्या डबक्याचीच जास्त झळ लागली.

आठवड्यानं लाझारोस अपोस्तोलिसच्या होडीवर गेला आणि त्यानं खाडीतलं माझं जुनं इंजिन वर काढता येईल का, असं विचारलं. अपोस्तोलिसनं बुडी मारून पाहिलं. "आत ऑक्टोपस राहतो," तो वर येऊन म्हणाला. "बिऱ्हाड थाटून बसलाय. तूच काढ त्याला."

मग तिघे पुन्हा त्याच टेबलावर बसले. पहिली बाटली आली, ऑलिव्ह आले. लाझारोसनं एक ऑलिव्ह खाल्लं आणि फोटिसला म्हणाला, "तेच, घराण्यातलं थोरलं. छोटा टर्बो, मोठा रेडिएटर. आणि पंखा." आणि दुसरी बाटली यायच्या आत तो उठून गेला. वोलोसमध्ये असं कुणी उठत नाही.

आज माझ्यात ते इंजिन आहे. आवाज जुना नाही, किंकाळीही नाही. चार माणसांनिशी मी चढ चढते, सासूबाई आत बसून असतात. माझी तारीफ कुणी करत नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं.

एकच गोष्ट राहिली. चिनाराजवळच्या त्या वळणाला पूर्वी नाव नव्हतं. आता गावाच्या बसचा चालक तिथे आला की मागे वळून विचारतो, "लेमोनाला कुणी उतरणार आहे का?" हे नाव आता मी भंगारात गेले तरी पुसलं जायचं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल आणि तिला नवं काळीज द्यावंसं वाटलं, तर जरूर द्या. फक्त तिच्यात कोण बसणार आहे ते आधी बघा, आणि कुठे, कसं जायचं आहे हे त्याच माणसाला विचारा. तो जे विचारेल त्यावर हसू नका.

दर रविवारी मिर्सिनी माहेरी येते. डोंगरमाथ्याकडे निघालो की ते वळण लागतं. तिथे लाझारोस ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो, काटा बघतो, पंखा लागल्याचा आवाज कान देऊन ऐकतो आणि मला पायी चालणाऱ्याच्या वेगानं नेतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. मी खाली बघत, हळू जाते.